आधी ‘पोटखराब’ म्हणा, मग खणा

मे महिन्यात तुमच्याही फोनवर असा एखादा रील येऊन गेला असेल. ड्रोन वर चढतो. खाली करपलेला, काळपट तांबूस, सपाट कातळ. पलीकडे निळा समुद्र. मागे दणदणीत ट्रॅक. मग अक्षरं उमटतात : सी व्ह्यू प्लॉट, क्लिअर टायटल, एकदम लेव्हल जमीन. झाड नाही, झुडूप नाही, कटकट नाही.

यातलं ‘झाड नाही, झुडूप नाही’ मे महिन्यापुरतं खरं आहे. बाकी सगळा वाद ‘कटकट नाही’ या दोन शब्दांचा आहे. कारण त्या कातळात कटकट आहे. ती फक्त त्या वेळी जमिनीखाली झोपलेली असते.

आमच्याकडे या जागेला सडा म्हणतात. मालवण, देवगड, वेंगुर्ले, पलीकडे राजापूर, रत्नागिरी, जिथे जाल तिथे गाव खाली आणि सडा वर. खाली नारळी-पोफळी, विहिरी, देऊळ. वर जांभ्या दगडाचं उघडं पठार. लहानपणी सड्यावर दोनच कामांसाठी जायचो : गुरं सोडायला आणि क्रिकेट खेळायला. कुणी विचारलं, वर काय आहे, तर घरातून ठरलेलं उत्तर यायचं, “थंय काय आसा? नुसतो कातळ.”

आता तोच कातळ जूनमध्ये बघा. पहिल्या काही जोरदार सरी पडून गेल्या की कातळाच्या भेगांत, खोलगट बशीसारख्या जागांत साठलेल्या चार बोटं मातीतून हिरवी, गवतासारखी पानं वर येतात. त्यांच्यातून एक सरळ दांडा निघतो आणि त्यावर लांबट नळीची पांढरीशुभ्र फुलं उमलतात. काळ्या ओल्या दगडावर ती इतकी उठून दिसतात की क्षणभर वाटतं कुणीतरी मुद्दाम लावली असावीत. काही आठवडे हा खेळ चालतो. मग फुलं जातात, बी पडतं, पाऊस ओसरला की पानंही वाळतात. उरतो तो जमिनीतला कंद, पुढच्या जूनची वाट पाहत.

हिचं शास्त्रीय नाव डिपकॅडी कॉन्कनेन्स. मराठीत लिहिणारे तिला दिपकाडी म्हणतात. शब्द मुळात आपला नाही, पण दिव्याची काडी म्हणून तो कानाला आपला वाटतो, तर वाटू दे. दुसरा अर्धा शब्द मात्र शंभर टक्के आपला आहे : कोकणची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोल डॅल्झेल या स्कॉटिश अधिकाऱ्याने हिची शास्त्रात नोंद केली. ‘बॉम्बे फ्लोरा’ हा १८६१ सालचा ग्रंथ ज्या दोघांनी लिहिला, त्यांतला हा एक. त्याने नावात कोकण घातलं, आणि ते नुसतं कौतुक नव्हतं, तो पत्ता होता. कोकण आणि त्याला लागून असलेला गोवा सोडला तर ही वनस्पती जगात कुठेच रानात उगवत नाही. अभ्यासक तिला धोक्यातली वनस्पती म्हणून मोजतात. म्हणजे आपल्या सड्यावरून गेली, तर ती पृथ्वीवरून गेली. दुसरी शाखा नाही.

तिच्या मागोमाग सड्यावर आणखीही पाळ्या लागतात. श्रावण-भाद्रपदात निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला, ओल्या दगडावर चिकट थेंब धरून किडे पकडणारा दवबिंदू. गणपतीच्या माटवीला बांधायला हरणं, तेरडा शोधत पोरं रानात जातात ते दिवस. चार महिने पठार दर पंधरवड्याला रंग बदलतं. उरलेले आठ महिने ते दगड असल्याचं सोंग करतं. आपण त्या सोंगावर विश्वास ठेवला, एवढंच नाही, तर ते सरकारी कागदावर लिहून ठेवलं.

तो कागद म्हणजे सातबारा. घरी असेल तर बघा. ‘पोटखराब’ असा एक रकाना सापडेल. लागवडीला नालायक जमीन. सड्यावरच्या जमिनींचा मोठा भाग या रकान्यात बसतो. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे काढतं, त्यातही उघड्या खडकाळ जागांना वेगळा वर्ग आहे. महसूल खात्याचा हेतू समजू शकतो : सारा कशावर लावायचा आणि कशावर नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. भात पिकत नाही, सारा नाही, विषय संपला. पण साऱ्याच्या हिशोबासाठी केलेला शब्द आपण जमिनीचा स्वभाव म्हणून वापरायला लागलो. ‘इथे पीक येत नाही’ याचं ‘इथे काही येत नाही’ झालं. आणि जिथे काही येत नाही, तिथे काहीही करता येतं.

त्याच्यापुढची गंमत २०१८ ची. राज्य सरकारने नियम बदलले : वर्ग ‘अ’ची पोटखराब जमीन मालकाने सुधारून लागवडीखाली आणली असेल, तर ती लागवडयोग्य म्हणून नोंदवून घेता येईल. कष्टाने जमीन तयार केलेल्या शेतकऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळावी म्हणून हा बदल झाला, आणि त्या शेतकऱ्यासाठी तो न्यायाचा आहे. पण सड्याच्या बाजूने बघा. कातळाला कागदावर किंमत मिळवायची असेल, तर एकच वाट : त्याला फोडा. जसा आहे तसा राहिला तर तो खराब. मोडला तर योग्य.

मोडण्याचे प्रकारही आता पाठ झालेत.

पहिला, बाग. कातळात सुरुंग लावायचे, खड्डे काढायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि आंब्या-काजूची कलमं लावायची. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबागांना अनुदान मिळालं आणि कोकणाचं रूप पालटलं. देवगडचा हापूस कातळावरचा म्हणून मिरवतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण पूर्वी कलम होतं सड्याच्या उतारावर, कडेला, भेग बघून. आता जेसीबीने अख्खा सडा एका पातळीत येतो.

दुसरा, चिरेखाण. आपली घरं, देवळं, गडगे, सगळं चिऱ्याचं. पहारीने चिरा काढायचे तेव्हा खाण वर्षानुवर्षं वाढायची. आता यंत्राचं पातं फिरतं आणि एका मोसमात जागा ओळखू येत नाही. तीवरची चार बोटं माती सगळ्यात आधी खरवडून बाजूला लोटली जाते. कंद त्याच मातीत असतात.

तिसरा, प्लॉटिंग. कुंपण, रस्ता, गेट, आणि गेटवर झाडा-फुलाचं नाव. कुठल्या झाडाचं? बहुतेक गुलमोहराचं.

चौथा, मोठे प्रकल्प. सपाट, उंच, ‘ओसाड’ आणि विस्थापन कमी, म्हणून विमानतळ असो की रिफायनरी, नकाशावर पहिलं बोट सड्यावर पडतं. आमचा चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तो सड्यावरच.

मला ठाऊक आहे, इथे कुणीतरी म्हणेल : मग काय, फुलासाठी माणसाने उपाशी राहायचं? हा प्रश्न मला शहरातल्या मित्राने विचारला तर मी हसून सोडून देतो. शेजारच्या काकांनी विचारला तेव्हा सोडता आला नाही. त्यांची सड्यावर थोडी जमीन. दोन मुलगे मुंबईत, भात परवडत नाही, वानर काही ठेवत नाहीत. गिऱ्हाईक आलं होतं. मी फुलाचं बोललो. ते शांतपणे म्हणाले, “फुलां बघून प्वाट भरता काय रे?”

नाही भरत. आणि त्यांच्या पोटाचा भार त्या कंदावर टाकणं जितकं चूक, तितकंच त्या कंदाचा भार त्यांच्या एकट्याच्या पोटावर टाकणं चूक. निसर्ग वाचवण्याची भाषा करणाऱ्यांनी कोकणात ही चूक वारंवार केली आहे. आपण पुण्या-मुंबईतून येऊन ‘विकू नका’ म्हणतो, परत जाताना चिऱ्याच्या होमस्टेचं बिल भरतो आणि हापूसच्या पेटीची ऑर्डर देतो. सडा राखण्यात सगळ्यांचा फायदा असेल, तर राखण्याचा खर्च एका म्हाताऱ्याने का करायचा?

पण काकांच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, आणि ती त्यांना माझ्याहून चांगली कळते. गावाची विहीर सड्याखाली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये टँकरची भाषा सुरू होते. जांभा सच्छिद्र दगड. वर पडलेलं पाणी तो पितो, भेगांतून खाली सोडतो, आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना ते मिळत राहतं. वर खाण पडली, खड्डे भरले, डांबर आलं की पाण्याची वाट बदलते. ती कुठे जाईल हे प्लॉट विकणारा सांगत नाही, आणि विकत घेणारा बोअर मारून मोकळा होतो. म्हणजे पोट भरण्याचाच हिशोब करायचा, तर तो एका सातबाऱ्याचा नाही, खालच्या अख्ख्या वाडीचा करावा लागेल.

तरीही मी फुलाची वकिली पाण्याच्या आडून करणार नाही. तो सोपा डाव आहे आणि उद्या अंगाशी येतो. एखाद्या सड्याखाली विहीर नसेल तर? मग तो फोडायचा? दिपकाडी कुणाच्या विहिरीला पाणी देत नाही, तिचं औषध होतं असा दावा मी करणार नाही, तिच्यावर पर्यटन चालेल असंही म्हणणार नाही. ती फक्त आहे. आपण इथे यायच्या कितीतरी आधीपासून, कातळावरच्या दोन टोकांच्या हवामानाला जमवून घेत ती इथे आहे. चार महिने पाण्यात, आठ महिने तव्यावर. ज्या जागेला आपण ‘कशालाच नालायक’ म्हणालो, त्या जागेखेरीज तिला दुसरी कुठलीच जागा लायक नाही. हे पुरेसं कारण नसेल, तर वाघासाठीचंही कारण तपासून बघावं लागेल.

खरी फसवणूक कॅलेंडरमध्ये आहे. सडा ओसाड आहे की नाही, हे आपण कोणत्या महिन्यात ठरवतो? मोजणी उन्हाळ्यात, व्यवहार उन्हाळ्यात, ड्रोन उन्हाळ्यात, साहेबांची गाडी वर चढते ती उन्हाळ्यात, कारण पावसात चढत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायामाणसं रणरणत्या उन्हात त्या कातळावर आडवी झाली होती. रिफायनरी हवी की नको, यावर तुमचं मत काहीही असो. पण एवढं बघा, त्या दिवशी सड्याच्या बाजूने माणसं बोलू शकली, आंबा बोलू शकला, मासा बोलू शकला, कातळावरची हजारो वर्षांपूर्वीची चित्रं बोलू शकली. सड्यावर स्वतः उगवणारं काही बोलू शकलं नाही. एप्रिलमध्ये ते जमिनीखाली होतं. वर्षातले आठ महिने जो अदृश्य असतो, त्याची साक्ष तुम्ही त्याच आठ महिन्यांत घेणार असाल, तर निकाल आधीच लागलेला आहे.

कातळशिल्पांचं उदाहरण मुद्दाम घेतो. तीही काही दशकांपूर्वीपर्यंत ‘नुसतो कातळ’ होती. गुराखी ओळखायचे, बाकी कुणाला पत्ता नव्हता. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यांत रत्नागिरीची बारसू, उक्षी, कशेळीसारखी ठिकाणं आहेत आणि आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपीही आहे. दगड तोच होता. फक्त कुणीतरी वाकून बघितलं.

‘लॅटेराइट’ हे जांभ्याचं इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश माणसाने १८०७ मध्ये दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. केरळात लोक हा दगड कापून विटा करतात, हे बघून त्याने दगडाचंच नाव वीट ठेवलं. दोनशे वर्षं झाली, आपली नजर अजून तिथेच अडकलेली आहे. दगड दिसला की चिरा दिसतो.

हे सगळं जगावेगळं मागणं आहे असं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बघा. तिथे जांभा नाही, ग्रॅनाइटचे उघडे खडक आहेत. त्यांवरच्या उथळ, पावसाने भरणाऱ्या डबक्यांत ॲम्फियँथस नावाची नखाएवढी वनस्पती उगवते. दोन पानं पाण्यावर तरंगतात आणि मध्ये बारकं पांढरं फूल. डबकं आटलं की खेळ खलास. तिथेही धोका तोच होता, दगडाच्या खाणी. १९८८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने या चिमुकल्या झाडाला कायद्याने संरक्षण दिलं. अरेबिया माउंटन नावाचा तिथला एक ग्रॅनाइटचा डोंगर, जिथे एकेकाळी खाणकाम चालायचं, आज राखीव आहे आणि लोक तिथे ही डबकी बघायला जातात. अमेरिका सगळं बरोबर करते असं नाही. पण डबक्यातल्या नखाएवढ्या फुलाला कायद्यात जागा मिळू शकते, एवढं तर सिद्ध झालं.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला? आपल्याच जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात एक बोटभर मासा सापडला. २०२० मध्ये शास्त्राला तो नव्याने कळला, २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर केली. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, देवाच्या नावाने गावाने राखलेली. तिलाही हाच दर्जा मिळाला. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ही तरतूद आहे. म्हणजे वाट आहे, आणि सिंधुदुर्गाने ती चालून दाखवली आहे. पण या दोन्ही ठिकाणी पाणी होतं, झाडं होती, देव होता. उघड्या दगडासाठी अजून कुणाचा हात वर होत नाही.

म्हणून माझं मागणं मोजून चार गोष्टींचं आहे.

एक : सड्यांना पोटखराब आणि पडीक म्हणणं थांबवा. महसुलाच्या कागदावर ‘नैसर्गिक सडा’ असा वेगळा वर्ग करा. सारा लावू नका, पण नालायकही म्हणू नका. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की ही पठारं पडीक जमीन नाहीत, स्वतंत्र परिसंस्था आहेत. २०१३ मध्ये वाटवे यांनी उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या पठारांचा आढावा शिफारशींसकट प्रसिद्ध केला. कागद तयार आहे. वाचणारा हवा.

दोन : जून ते सप्टेंबरमधली पाहणी झाल्याशिवाय सड्यावरच्या कुठल्याही खाणीला, प्रकल्पाला, बिनशेतीला परवानगी नको. एक पावसाळा थांबल्याने विकास मरत नाही.

तीन : जो मालक आपला सडा न फोडता ठेवेल, त्याला दरवर्षी पैसे द्या. कलम लावायला अनुदान देता, मग न लावायला का नाही? काकांच्या प्रश्नाला हेच एक प्रामाणिक उत्तर आहे.

चार : प्रत्येक किनारी तालुक्यात निदान एक सडा, गावाच्या ठरावाने, वारसास्थळ करा. सगळे वाचणार नाहीत. एखादा तरी अख्खा वाचू दे.

आता तुमच्याकडे वळतो, कारण हे वाचणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी मनात लोकेशन विचारलंच असेल. सांगणार नाही. कास पठाराचं काय झालं ते आपण बघितलं. २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं, आणि पुढे गर्दी आवरायला तिकीट, कुंपण, वेळा, सगळं करावं लागलं. निदान तिथे आवरायला वनखातं तरी होतं. आमचे सडे बहुतेक खाजगी, त्यांना राखणदार नाही. एका व्हायरल रीलनंतर शंभर बूट त्या चार बोटं मातीवर पडले, तर जेसीबीची गरजच उरणार नाही. फोटो काढा, तारीख लिहा, आयनॅचरलिस्टवर टाका, पण नेमकं ठिकाण झाकून. कंद उपटून कुंडीत लावायचा मोह तर मुळीच नको.

आणि तुम्ही इथलेच असाल, मुंबईत वन रूम किचनमध्ये बसून हे वाचत असाल, तर एक काम तुम्हीच करू शकता. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या गणपतीत गावी जाल तेव्हा ती नोंदवही मागा. त्यात तुमच्या सड्याचं पान आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत विचारा. माटवीला बांधायची फुलं दरवर्षी मिळतात कुठून, हे आजीला विचारा आणि तिने सांगितलेली नावं त्या वहीत जाऊ द्या. ही वही फार बलवान नाही, मान्य. पण उद्या कुणी कागद पुढे करून म्हणाला की इथे काहीच नाही, तर समोर ठेवायला आपल्याकडे दुसरा कागद असेल.

काकांचा सौदा त्या वर्षी मोडला, भाव जमला नाही म्हणून. फुलाचा त्यात काही हात नव्हता. जूनमध्ये मी त्यांना वर घेऊन गेलो. छत्री सांभाळत ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्या आमच्या जमनीत?”

सत्तर वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सातबाऱ्यावर तर उलटंच लिहिलं होतं. पुढचं गिऱ्हाईक येईलच, भावही जमेल. त्याच्या आत तो शब्द बदलायला आपल्याकडे किती पावसाळे आहेत, मला माहीत नाही. फार नसावेत.